फ्लू: साथ आली की सगळे विचारतात तेच ते प्रश्न

साथ सुरू झाली की मला तेच तेच प्रश्न येतात, कधी फोनवर, कधी मेसेजमध्ये, आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्याच्या अंगात तेव्हा ताप असतो त्यामुळे धड वाचायचीही ताकद नसते. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, बरे असताना वाचून ठेवा. मी डॉक्टर नाहीये, हे आधीच सांगते, पण या आजाराने मला दोनदा आडवं केलंय आणि त्यानंतर याबद्दल वाचायचा नादच लागला. एवढं कळलं की फ्लूमध्ये सगळा खेळ वेळेचा असतो, काय केलं यापेक्षा कधी केलं याला जास्त महत्त्व.

फ्लू म्हणजे जरा मोठी सर्दीच ना?

नाही हो. साधी सर्दी दोनशेहून जास्त वेगवेगळ्या व्हायरसमुळे होऊ शकते, फ्लू फक्त इन्फ्लुएन्झा व्हायरसमुळे होतो. आणि येण्याची तऱ्हाच वेगळी. सर्दी कशी, आधी घसा खवखवणार, मग शिंका, मग नाक वाहणार, दोन दिवस चाहूल देत देत येते. फ्लू धाडकन येतो. मला पहिल्यांदा झाला तेव्हा मी वेळ सांगू शकते, दुपारी तीन. जिना चढताना मधेच गुडघ्यातलं बळ गेल्यासारखं झालं, म्हटलं जेवण कमी झालं असेल, साडेचारला कणकण, सहाला थंडी वाजून दात वाजायला लागले आणि रात्री थर्मामीटर ३९.४ अंश सेल्सिअस दाखवत होता. डोळे नुसते इकडून तिकडे फिरवले तरी दुखत होते, केसांची मुळंसुद्धा दुखत होती, पांघरूण हवं पण त्याचा स्पर्श नको अशी अवस्था. सर्दीत माणूस कुरकुरत का होईना कामं उरकतो, फ्लूत उठून पाणी घ्यायचं जिवावर येतं. अर्थात काहींना फ्लू अगदी हलका होतो आणि कोविडची लक्षणंही अशीच असतात, त्यामुळे फक्त लक्षणांवरून शंभर टक्के सांगता येत नाही.

व्हायरस नाकाघशात असतो, मग पाठ आणि पाय का ठणकतात?

कारण ती दुखणी व्हायरसपेक्षा आपल्या शरीराची जास्त असतात. व्हायरस नाक, घसा, श्वासनलिकेच्या आतल्या पेशींमध्ये घुसतो, पण शरीराला त्याचा पत्ता लागला की ते इंटरफेरॉन आणि तसलीच बाकीची रसायनं रक्तात सोडतं, सगळीकडे दवंडी पिटल्यासारखी. अंग मोडून येणं, डोकं ठणकणं, भूक मरणं हे त्या दवंडीचे परिणाम. तापाचंही तसंच, मेंदूतला थर्मोस्टॅट ३७ वरून समजा ३९ वर सेट होतो, मग ३७ वर असलेलं शरीर मेंदूला गार वाटायला लागतं, म्हणून ताप चढताना थंडी वाजते आणि उतरताना घाम फुटतो.

पोटाचा फ्लू हा याचाच प्रकार का?

नाही. उलट्या जुलाब होतात त्याला लोक पोटाचा फ्लू म्हणतात पण तो बहुतेक वेळा नोरोव्हायरस किंवा रोटाव्हायरसचा उद्योग असतो. खऱ्या फ्लूत लहान मुलांना उलट्या होऊ शकतात, पण सोबत सहसा ताप खोकला असतो.

रिपोर्टवर ए, बी, एच१एन१, एच३एन२ असं काय काय लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

इन्फ्लुएन्झाचे चार प्रकार आहेत, ए, बी, सी आणि डी. माणसांत दरवर्षी साथ आणतात ते ए आणि बी. सी हलका असतो, डी मुख्यतः गुराढोरांत सापडतो. ए च्या अंगावर दोन प्रकारची प्रोटीन काट्यांसारखी उभी असतात, एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन ज्याने तो पेशीला चिकटतो, आणि एन म्हणजे न्यूरामिनिडेज ज्याने पेशीत तयार झालेले नवे व्हायरस कापून मोकळे होतात. त्यांच्या नंबरवरून नाव पडतं. २००९ साली जगभर घबराट उडवणारा स्वाइन फ्लू म्हणजे एच१एन१ चाच एक नवा अवतार होता, तो आता दर सीझनला येणाऱ्या फ्लूंपैकी एक झालाय, त्यामुळे रिपोर्टवर एच१एन१ वाचून आता हातपाय गाळायचं कारण नाही, पण हलक्यातही घेऊ नका.

जाता जाता एक. मुलांच्या लसीकरणाच्या कार्डवर हिब नावाची लस असते, तिच्या पूर्ण नावात इन्फ्लुएन्झा शब्द आहे म्हणून आईबाप म्हणतात की फ्लूची लस झाली आमची. ती झालेली नसते, हिब ही एका बॅक्टेरियाविरुद्धची लस आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शास्त्रज्ञांना वाटलं होतं की तो बॅक्टेरिया फ्लूचं कारण आहे, तो अंदाज चुकीचा निघाला, नाव मात्र तसंच चिकटून राहिलं. माणसातला खरा व्हायरस १९३३ मध्ये हाती लागला, तोही फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर प्रयोग करताना, आणि त्या टीममधल्या विल्सन स्मिथवर एक आजारी फेरेट शिंकला आणि त्यांनाच फ्लू झाला.

कसा पसरतो? आणि मी दुसऱ्याला किती दिवस देऊ शकतो?

खोकताना, शिंकताना, नुसतं बोलतानासुद्धा तोंडातून बारीक थेंब उडतात, ते जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जातात, काही अगदी बारीक कण बंद खोलीत हवेत तरंगत राहतात. दुसरा रस्ता हातांचा, म्हणजे दाराच्या कडीला हात लावला आणि मग डोळा चोळला. स्टील, प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवर व्हायरस २४ ते ४८ तास टिकू शकतो, कापडावर कागदावर त्याहून बराच कमी वेळ, हातावर तर काही मिनिटंच.

आता वेळेचा भाग. व्हायरस शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात, साधारण २. पण तुम्ही दुसऱ्याला द्यायला लागता ते लक्षणं सुरू व्हायच्या साधारण एक दिवस आधीपासून, आणि पुढे ५ ते ७ दिवस देत राहता, त्यातही पहिले तीन दिवस सगळ्यात जास्त. लहान मुलं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे ते त्याहून जास्त दिवस. म्हणजे बघा, ज्या दिवशी तुम्ही ठणठणीत होता, मीटिंगमध्ये बसला होता, कोणाचं बाळ घेऊन खेळवलं होतं, त्याच दिवशी वाटप सुरू झालेलं असतं. म्हणून मला शिंक आली की मी घरी बसेन एवढ्यावर भागत नाही.

पावसात भिजलं, गार वारा लागला की फ्लू होतो का?

भिजल्यामुळे नाही होत, व्हायरस लागतो कोणाकडून तरी. पण ऋतूशी संबंध मात्र खरा आहे. कोरड्या थंड हवेत हा व्हायरस जास्त टिकतो, आणि थंडीत पावसात लोक दारं खिडक्या लावून एकत्र बसतात. थंड देशांत हिवाळ्यात साथ येते, उष्ण भागांत वर्षभर थोडाफार असतो आणि पावसाळ्यात बरेचदा वाढतो.

मास्क, हात धुणं यांचा खरंच उपयोग होतो का, की उगाच?

होतो. हात साबणाने २० सेकंद चोळून धुवा, या व्हायरसच्या भोवती चरबीचं पातळ आवरण असतं ते साबणाने फुटतं आणि आवरण फुटलं की व्हायरस निकामी. साबण नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर. खोकला आला तर तळहातावर नका खोकू, त्याच हाताने तुम्ही पुढच्या मिनिटाला फोन देणार असता कोणाला, कोपराच्या आतल्या बाजूला खोका. मास्क आजारी माणसाने लावला तर सगळ्यात भारी कारण थेंब उगमालाच अडतात. आणि खिडकी उघडा, हा फुकटातला उपाय कोणीच करत नाही, आजारी माणसाला वारा लागेल म्हणून खोली गच्च बंद करतात आणि मग घरातले सगळे ओळीने झोपतात.

घरात एकाला झालाय, बाकीच्यांना कसं वाचवू?

जमलं तर वेगळी खोली, नाहीतर पलंगात अंतर तरी. सेवा करायला शक्यतो एकच माणूस ठरवा, आणि तो म्हातारा, गरोदर किंवा दमेकरी नको. टॉवेल, ग्लास, चमचा वेगळा, कपडे आणि भांडी मात्र नेहमीसारखी साबणाने धुतली की पुरे. वापरलेले टिश्यू झाकणाच्या डब्यात. घरात बाळ किंवा जास्त जोखमीचं कोणी असेल तर लगेच डॉक्टरांना विचारा, कधी कधी ते लक्षणं नसलेल्या माणसालाही आधीच औषध देतात.

बाळाला अंगावर पाजत असेन आणि मलाच फ्लू झाला तर?

पाजत राहा. फ्लू दुधातून जात नाही, उलट दुधातून बाळाला अँटिबॉडी मिळतात. पाजताना मास्क लावा, आधी हात धुवा. फारच गळून गेला असाल तर दूध काढून दुसऱ्या कोणाला पाजायला द्या.

लस दरवर्षी का? बाकीच्या लशी तर एकदा घेतल्या की सुटका.

दोन कारणं. एक, लशीने मिळालेलं संरक्षण काही महिन्यांत उतरायला लागतं. दोन, हा व्हायरस स्वतःची कॉपी काढताना सतत चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही, त्यामुळे एच आणि एन चे काटे थोडे थोडे बदलत जातात आणि गेल्या वर्षीच्या अँटिबॉडी याला नीट ओळखत नाहीत. कधीतरी याहून मोठा प्रकार होतो. याचे जीन आठ सुट्या तुकड्यांत असतात, पत्त्यांसारखे, आणि एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू ए शिरले, समजा एक माणसाचा एक पक्ष्याचा, तर पत्ते पिसले जाऊन भलताच नवीन व्हायरस तयार होऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच झाल्या.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, पुढच्या सीझनच्या लशीत कुठले व्हायरस घालायचे ते सुचवते. लस बनवायला महिने लागतात त्यामुळे हा अंदाज आधीच बांधावा लागतो, कधी अचूक बसतो कधी थोडा चुकतो. बी च्या यामागाता नावाच्या शाखेचा २०२० च्या मार्चनंतर पक्का मागमूस लागलेला नाही, म्हणून चारऐवजी आता पुन्हा तीन व्हायरसची लस येतेय, तेव्हा कमी घटक दिसले म्हणून फसवलं असं समजू नका.

लस घेऊनही फ्लू झालाच, मग उपयोग काय?

हा राग मला कळतो, मीही केलाय. खरं सांगायचं तर ही लस गोवराच्या लशीइतकी पक्की नाही. अंदाज चांगला बसलेल्या वर्षी ती फ्लूमुळे डॉक्टरकडे जायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. पण लस घेऊन फ्लू झालाच तर तो सहसा आयसीयूपर्यंत जात नाही, आणि मला विचाराल तर तेवढ्यासाठीच घ्यावी. जगात दरवर्षी अंदाजे ३० ते ५० लाख लोकांना फ्लू गंभीर होतो आणि २.९ ते ६.५ लाख लोक त्यातल्या श्वसनाच्या त्रासाने दगावतात. दुसरी गोष्ट, लशीचा असर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. शेजारी खोकायला लागले की धावत जाऊन घेणारे खूप आहेत, त्या दोन आठवड्यांत लागला की बदनाम लस होते. साथ सुरू व्हायच्या आधी घ्या.

लशीमुळेच फ्लू होतो असं ऐकलंय.

इंजेक्शनवाल्या लशीत जिवंत व्हायरस नसतोच त्यामुळे तिने फ्लू होणं शक्य नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, बास. नाकात मारायच्या स्प्रेमध्ये जिवंत पण दुबळा केलेला व्हायरस असतो, तो गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना देत नाहीत.

कोणी घ्यायलाच हवी?

सहा महिन्यांच्या पुढे कोणीही घेऊ शकतं. पण पाच वर्षांखालची मुलं, त्यातही दोनच्या आतली, ६५ च्या पुढचे, गरोदर बायका, दमा, डायबिटीस, हृदयाचे किडनीचे आजार असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले आणि या सगळ्यांची सेवा करणारे यांनी टाळू नये. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, दुसरा बरेच जण विसरतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही, त्याला आईने गरोदरपणात घेतलेल्या लशीचं संरक्षण मिळतं.

टेस्ट करू का?

तब्येत मुळात चांगली असेल, साथ चालू असेल तर डॉक्टर लक्षणांवरूनच ओळखतात. टेस्टने उपचार बदलणार असतील तर करा, म्हणजे जास्त जोखमीचं माणूस असेल, त्रास वाढत असेल, किंवा फ्लू की कोविड ते ठरवायचं असेल. झटपट कार्डवाली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बहुधा खरी, निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाहीच असं मात्र नाही, ती बऱ्याच केसेस सोडते. पीसीआर जास्त भरवशाची.

टॅमीफ्लू घेतली की बरं होतं ना? घरात ठेवू का एक स्ट्रिप?

ओसेल्टामिवीर, म्हणजे तुम्ही म्हणता ती टॅमीफ्लू, नेमकी त्या एन प्रोटीनला जॅम करते, त्यामुळे पेशीत तयार झालेले नवे व्हायरस तिथेच अडकतात, पुढच्या पेशींकडे जाऊ शकत नाहीत. आता लक्षात येईल डॉक्टर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घ्या असं सारखं का सांगतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच व्हायरसची संख्या शिगेला पोचते, घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावून काय होणार. लवकर सुरू केली तर आजार साधारण एक दिवसाने कमी होतो, मळमळ उलटी होऊ शकते म्हणून खाऊन घ्यायची. तरण्याताठ्या माणसाला एका दिवसासाठी ती लागतेच असं नाही, पण वर सांगितलेल्या जोखमीच्या लोकांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, बघू उद्यापर्यंत असं करायचं नाही. माणूस सीरियस असेल तर ४८ तास उलटल्यावरही देतात. बॅलोक्झाविर नावाचं एकाच डोसचं औषधही आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते देत नाहीत. स्वतःच्या मनाने मात्र यातलं काहीच घेऊ नका.

अँटिबायोटिकने लवकर बरं होतं माझं, ते घेऊ का?

नाही. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, फ्लू व्हायरस आहे. तुम्ही तिसऱ्या दिवशी गोळी घेता, पाचव्या दिवशी ताप उतरतो, जो तसाही उतरणारच होता, आणि श्रेय गोळीला जातं.

एक अपवाद नीट वाचा. ताप उतरला, माणूस उठून बसला, जेवला, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा सणकून ताप भरला, खोकला वाढला, पिवळा हिरवा कफ, छातीत दुखतंय. हा फ्लू उलटला नाहीये, फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोलून ठेवलेलं असतं त्यात बॅक्टेरिया शिरून न्यूमोनिया झालेला असू शकतो. १९१८ च्या साथीतसुद्धा खूप माणसं या दुसऱ्या न्यूमोनियाने गेली. इथे अँटिबायोटिक लागतं आणि त्याच दिवशी लागतं.

तापाला काय घ्यायचं?

पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. मुलांना वजनावरून.

माझी चूक सांगते. दुसऱ्या वेळी मी तापाला पॅरासिटामॉल घेत होते आणि नाक चोंदलंय म्हणून सर्दीची वेगळी गोळी, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सहज स्ट्रिप उलटी करून बघितली तर सर्दीच्या गोळीतही ५०० पॅरासिटामॉल! म्हणजे डबल चाललं होतं माझं. काही झालं नाही, पण जास्तीचं पॅरासिटामॉल लिव्हर खराब करतं आणि सुरुवातीला कळतही नाही. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आणि अठराच्या आतल्या मुलांना फ्लूत अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरचा दुर्मिळ पण भयंकर आजार होऊ शकतो.

वाफ, मध, गरम पाणी, व्हिटॅमिन सी?

यातल्या कशानेही व्हायरस मरत नाही, बरं मात्र वाटतं आणि तेही काही कमी नाही. मधाने खोकला जरा शांत होतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटुलिझमचा, म्हणजे एका जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. वाफ घेताना उकळत्या पाण्याचं भांडं मुलाच्या पुढ्यात नको, भाजल्याच्या केसेस होतात. सगळ्यात महत्त्वाचं पाणी आणि पातळ काहीही, घोट घोट. लघवी गडद झाली की समजा कमी पडतंय.

हॉस्पिटल कधी गाठायचं?

धाप लागतेय, छातीत सतत दुखतंय, माणूस बरळतोय किंवा नीट जागा होत नाही, लघवीच होत नाहीये, ओठ निळसर दिसतायत, किंवा तो वरचा परतलेला ताप. मुलांत श्वास भरभर चालणं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, झटका येणं. तीन महिन्यांखालच्या बाळाला कुठलाही ताप आला तर लगेच. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका, दुखणं अंगावर काढण्यात कसलं आलंय शौर्य.

कामावर, शाळेत कधी जायचं?

तापाचं औषध न घेता पूर्ण २४ तास ताप नसला पाहिजे आणि एकंदर बरं वाटत असलं पाहिजे. गोळी घेऊन ताप दाबून जाणं म्हणजे ताप नाही असं नव्हे. पुढचे काही दिवस मास्क लावा.

ताप जाऊन दहा दिवस झाले, खोकला आणि थकवा का जात नाही?

ताप बहुतेकांचा तीन ते पाच दिवसांत जातो, खोकला आणि गळून गेल्यासारखं वाटणं दोन आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळतं कारण ते सोललेलं अस्तर परत भरून यायला वेळ लागतो. जिम, धावणं वगैरे हळूहळू सुरू करा. मी पाचव्या दिवशी शहाणपणा करून आख्खं घर आवरायला काढलं आणि सहाव्या दिवशी परत अंथरुणात. खोकला तीन आठवड्यांच्या पुढे गेला किंवा दम लागत असेल तर दाखवून या.

एकदा झाला, म्हणजे या सीझनपुरता सुटलो ना?

ज्या प्रकारचा झाला त्याच्यापासून बहुतेक, पण सगळ्यांपासून नाही. एकाच सीझनमध्ये आधी ए आणि नंतर बी असं दोनदा झालेले लोक आहेत. त्यामुळे लस घ्यायची राहिली असेल आणि साथ अजून चालू असेल तर ताप पूर्ण जाऊन बरं वाटायला लागल्यावर घेऊन टाका.